शाळेतल्या मोठ्या माणसांची तब्येत

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं की आमच्या हॉलमध्ये मुलांच्या रांगा लागतात. डॉक्टर डोळे बघतात, दात बघतात, वजन-उंची लिहून घेतात. दोन वर्षांपूर्वी अशी तपासणी आटोपल्यावर आवराआवर चालली होती. पथकातल्या सिस्टर म्हणाल्या, "बीपीचं मशीन बाहेरच आहे मॅडम, तुम्हा लोकांचंही बघून टाकू का?" आम्ही पाच-सहा जण हसत हसत खुर्चीवर बसलो. गणिताच्या सरांच्या दंडाला पट्टा बांधला आणि आकडा आला १६८/१०४. सिस्टरनी दहा मिनिटं थांबून पुन्हा घेतलं. जवळजवळ तेवढंच. सर म्हणाले, "पण मला तर काहीच होत नाही." ते नुकतेच लागोपाठ चार तास घेऊन आले होते.

त्यांना काही होत नव्हतं हे अगदी खरं होतं. वाढलेला रक्तदाब दुखत नाही. रक्तातली साखर हळूहळू चढत असते तेव्हा तीही दुखत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे आणि आणखी १५.३ टक्के लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाब तर ३५.५ टक्क्यांना, म्हणजे तिघांत एकाहून थोड्या जास्तच लोकांना. आता कोणत्याही स्टाफरूममध्ये एक नजर फिरवा आणि चाळिशी-पन्नाशीतली माणसं मोजा.

मी विज्ञान शिकवते. हृदय, फुप्फुसं, पचनसंस्था, चौरस आहार हे सगळं फळ्यावर काढून मी पंचवीस वर्षं मुलांना सांगत आले. त्या दिवसानंतर मात्र मी आमच्याच लोकांकडे नीट बघायला लागले. आमचे लोक म्हणजे फक्त शिक्षक नव्हेत. दिवसभर खुर्चीत बसून माहिती भरणारे लिपिक, घंटा द्यायला आणि फायली पोचवायला धावणारे शिपाईदादा, दोन-तीनशे मुलांची खिचडी शिजवणाऱ्या ताई, असे सगळेच. कामाच्या जागी तब्येत सांभाळणं याला आजकाल 'वेलनेस' म्हणतात. शब्द नवा असला तरी त्यामागचं शरीरशास्त्र आपल्या पाठ्यपुस्तकातलंच आहे, आणि ते नीट समजलं तर शाळेत काय करायचं आणि काय करण्यात अर्थ नाही हे आपोआप कळत जातं.

दिवसभर पायावर असतो, मग व्यायाम कशाला?

हे वाक्य स्टाफरूममध्ये सगळ्यात जास्त ऐकू येतं. त्याला उत्तर आहे. उभं राहणं आणि चालणं या शरीराच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हृदय रक्त खाली पायापर्यंत सहज पोचवतं. ते परत वर आणायचं काम अवघड, कारण ते उलट्या चढाचं आहे. इथे पोटरीचे स्नायू मदतीला येतात. आपण पाऊल टाकतो तेव्हा पोटरी आवळते, आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. शिरांमध्ये छोट्या झडपा असतात, त्या रक्ताला पुन्हा खाली येऊ देत नाहीत. म्हणून पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. फळ्यासमोर एका जागी चाळीस मिनिटं उभं राहिलं की हा पंप जवळपास बंदच असतो. रक्त पायात साचतं, संध्याकाळी घोटे सुजतात, चपलेचा पट्टा रुततो. वर्षानुवर्षं असं झालं की शिरा फुगून निळ्या गाठींसारख्या दिसायला लागतात. शिकवताना बाकांच्या रांगांमधून फिरत राहिलं, तर तोच तास पंप चालू ठेवून जातो. यासाठी वेगळा वेळ लागत नाही, फक्त फळ्याजवळची जागा सोडावी लागते.

दुसरी गोष्ट साखरेची. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वात जास्त शोषून घेणारा अवयव कोणता, तर हाडांवरचे आपले स्नायू. इन्सुलिन म्हणजे पेशीचं दार उघडायला सांगणारा निरोप्या. मधुमेहाच्या उंबरठ्यावर या निरोप्याचं कुणी नीट ऐकत नाही. पण स्नायू हलत असताना तो इन्सुलिनची फारशी वाट न बघता स्वतःच दार उघडतो आणि साखर आत घेतो. जेवण झाल्यावर दहा मिनिटं चाललं की साखरेची उसळी कमी होते, ती यामुळेच. आपल्याकडे शतपावली सांगितली आहे आणि ती शंभर टक्के शास्त्राला धरून आहे. शाळेत मात्र डबा खाऊन झाला की आपण खुर्ची मागे सरकवतो आणि वह्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढतो.

बसणं आणि चालणं यांतला फरक मोजून दाखवणारा पहिला मोठा अभ्यास लंडनच्या बसमध्ये झाला. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ मध्ये तो प्रसिद्ध केला. लंडनच्या दुमजली बसचा चालक आठ तास बसून, आणि त्याच बसचा वाहक दिवसभर तिकिटं फाडत जिना चढतोय-उतरतोय, दिवसाला शेकडो पायऱ्या. नोकरी एकच, वस्ती आणि पगारही साधारण सारखेच. तरी वाहकांमध्ये हृदयविकार चालकांपेक्षा कमी निघाला, आणि झालाच तर कमी जीवघेणा. मला या गोष्टीचा पुढचा भाग जास्त आवडतो. मॉरिस तिथे थांबले नाहीत. १९५६ मध्ये त्यांनी गणवेशांच्या नोंदी काढल्या. चालकांच्या विजारींचं कंबरेचं माप वाहकांपेक्षा मोठं होतं, आणि ते तरुण चालकांमध्येसुद्धा. म्हणजे फरकाचा काही भाग या माणसांनी नोकरीला लागतानाच सोबत आणला होता. चालण्याचा फायदा खरा आहे, पुढच्या शेकडो अभ्यासांनी तो पक्का केला. पण 'जे चालतात ते निरोगी' आणि 'जे निरोगी असतात तेच चालायला येतात' ही दोन वाक्यं वेगळी आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे याचं काम पडणार आहे.

किती व्यायाम पुरे? जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं सांगणं असं की प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. मध्यम श्रम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतका दम लागणारं चालणं. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काहीतरी. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशोबात धरत नसत. ती अट आता काढली आहे. स्टँडपासून शाळेपर्यंतची सात मिनिटं, दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गाचा जिना, मैदानाची एक फेरी, हे सगळं जमेत धरायचं. रोज दहा हजार पावलांचं दडपण तर अजिबात नको. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावातून आला, त्या यंत्राच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारा'. वयस्क बायकांवरच्या २०१९ च्या एका अमेरिकी अभ्यासात साधारण ४,४०० पावलांपासूनच फायदा दिसायला लागला आणि ७,५०० च्या आसपास तो स्थिरावला.

ताकदीच्या व्यायामाचं नाव काढलं की आमच्या बाई म्हणतात, साडीत कसं करणार? करता येतं. खुर्चीच्या कडेवर बसायचं, हात छातीशी घ्यायचे आणि हात न टेकता उठायचं, पुन्हा हळू बसायचं. असं दहा वेळा. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून भिंतीवर तळवे टेकायचे आणि जोर काढायचे. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचं, पंधरा वेळा. तिन्ही मिळून पाच मिनिटं लागत नाहीत आणि पदर ढळत नाही. चाळिशीनंतर स्नायू वर्षागणिक घटत जातात, आणि साखर शोषणारा अवयवच घटला तर पुढचं गणित बिघडणारच. ज्यांचे गुडघे आणि कंबर साथ देतात त्यांनी सूर्यनमस्कार जरूर घालावेत. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये ते रुजवले होते. शाळा आणि व्यायाम यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे. मधल्या काळात ते फक्त मुलांच्या वाट्याला आलं आणि त्यातही पीटीच्या तासापुरतं उरलं.

टेबलावर काय असतं

आमच्या स्टाफरूममध्ये मधोमध एक लांब टेबल आहे. त्यावर वर्षभर काय काय येतं ते मी एकदा महिनाभर डायरीत लिहून ठेवलं. कुणाची वेतनश्रेणी लागली म्हणून पेढे. मुलगा बारावी झाला म्हणून कचोरी. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी. वाढदिवसाला केक आणि वेफर्स. कुणी गावाहून आलं की फरसाण आणि बाकरवडी. पाहुणे आले म्हणून मागवलेल्या समोशांतले उरलेले. हे सगळं प्रेमाचं आहे, कुणी कुणाला वाईट खायला घालत नाही. पण वीस माणसांच्या शाळेत जवळजवळ दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहीतरी गोड किंवा तळलेलं समोर येतं, आणि अकरा वाजता पोटात कावळे ओरडत असताना समोर आलेल्या कचोरीला नाही म्हणणं हे मनोबलाचं काम राहत नाही. सकाळच्या शाळेला साडेसहाला घर सोडलेल्या बाईने सहाला एक कप चहा घेतलेला असतो, बस्स.

चहाचंही बघू. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे आठ ते दहा ग्रॅम. घरी एक, छोट्या सुट्टीत एक, दुपारी एक, घरी गेल्यावर एक. चार कपांत पस्तीस-चाळीस ग्रॅम साखर झाली, मिठाईचा तुकडाही न खाता. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या पाच टक्क्यांवर आणली तर उत्तम, म्हणजे साधारण पंचवीस ग्रॅम. आमच्याकडे चहा एकाच मोठ्या पातेल्यात साखर घालूनच व्हायचा, त्यामुळे कुणाला कमी हवी असली तरी इलाज नव्हता.

आता डबा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. २,००० उष्मांकांच्या दिवसाचं ताट त्यांनी मांडलं आहे. सगळ्या पोळ्या, भाकऱ्या, भात, पोहे मिळून कोरडं धान्य २५० ग्रॅम. भाज्या ४०० ग्रॅम. फळं १०० ग्रॅम. डाळी-कडधान्यं (मांसाहारींसाठी अंडी, मासे, मटण धरून) ८५ ग्रॅम. दूध किंवा दही ३०० मिली. शेंगदाणे, तीळ वगैरे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. यात आपला डबा ठेवून बघा. तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, किंवा तीन पोळ्या आणि चमचाभर सुकी भाजी, सोबत लोणचं. धान्य भरपूर, भाजी मूठभर, कडधान्य जवळजवळ नाही. असा डबा खाल्ला की साखर झरझर चढते, शरीर इन्सुलिन सोडतं, आणि मधल्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला डोळ्यांवर झापड येते. वर्गात मुलंही पेंगत असतात आणि आपण त्यांना ओरडतो.

यासाठी ओट्स, किन्वा, प्रोटीनची पावडर असलं काही आणायची गरज नाही. आपल्या घरात सगळं आहे. मटकी, चवळी, हुलगे, मसूर यांची उसळ आठवड्यातून चार दिवस डब्यात आली तर मोठा फरक पडतो, कारण कडधान्याच्या वजनात पाचवा हिस्सा प्रथिनं असतात आणि चोथाही भरपूर. पोळ्या तीनच्या दोन करा आणि मोकळ्या झालेल्या जागेत काकडी, गाजर, मुळा, जे स्वस्त असेल त्याची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून भरा. भाकरी आठवड्यातून दोनदा. ज्वारी-बाजरीत चोथा जास्त, त्यामुळे पोट भरल्याची जाणीव टिकते. २०२३ हे साल भारताच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, शाळेत आम्ही त्याची प्रभातफेरीही काढली होती. त्या दिवशी आमच्या सगळ्यांच्या डब्यात पोळीच होती.

उपासाबद्दल एक मनापासून सांगते, कारण आमच्या बायकांचे उपास फार. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. त्यात तूप आणि बटाटा. दाण्याचं कूट तेवढं चांगलं. उपास सोडायला मी कुणाला सांगणार नाही, तो श्रद्धेचा भाग आहे. पण वरीचा भात, दाण्याची आमटी, दही, राजगिरा, काकडी आणि एखादं फळ हेही उपासालाच चालतं, आणि त्याने संध्याकाळी डोकं धरत नाही.

पाण्याची गोष्ट

ही बाब कोणत्याही वेलनेसच्या पत्रकात मी वाचलेली नाही, म्हणून जरा थांबून लिहिते. शाळेतल्या कितीतरी बायका सकाळपासून दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत. स्वच्छतागृह एक, तेही मैदानाच्या पलीकडे, कधी कडी तुटलेली, कधी पाणी नाही, कधी मुलींची रांग. मग साधा उपाय म्हणजे पाणी न पिणं. मी स्वतः पहिल्या नोकरीत सात वर्षं असंच केलं. त्यातून वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखड्याचा धोका, डोकेदुखी, बद्धकोष्ठता. आणि घसा. शिक्षकाच्या स्वरतंतूंना दिवसभर ओलावा लागतो. कोरड्या घशाने चाळीस मुलांच्या वर आवाज काढत राहिलं की तो बसतो, आणि जुनाट झाला की स्वरतंतूंवर गाठी येतात. ज्या शाळेला कर्मचाऱ्यांच्या तब्येतीसाठी एकच गोष्ट करायची असेल तिने बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी, नळाला पाणी आणि कोपऱ्यात झाकणाची बादली द्यावी. योगशिबिराच्या आधी हे.

उपक्रम का फसतात

इथे मॉरिस यांच्या विजारींकडे परत यायला हवं. अमेरिकेत कामाच्या जागी वेलनेसवर खूप पैसा खर्च होतो, आणि त्याचा उपयोग होतो का हे तिथल्या दोन मोठ्या प्रयोगांनी चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून तपासलं. इलिनॉय विद्यापीठाने आपल्या जवळपास ५,००० कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. काहींना तपासणी, आरोग्यवर्ग आणि भाग घेतल्याबद्दल बक्षीस दिलं, बाकीच्यांना काहीच नाही. तपासण्या करून घेणाऱ्यांची संख्या वाढली, आपली संस्था आपली काळजी घेते असंही लोकांना वाटायला लागलं. पण औषधोपचाराचा खर्च, रजा, व्यायामशाळेत जाणं यांत म्हणावा असा फरक पडला नाही. आणि स्वतःहून पुढे आलेले लोक बघितले तर ते आधीपासूनच इतरांपेक्षा निरोगी होते. दुसरा प्रयोग घाऊक दुकानांच्या एका साखळीत, ३३,००० च्या आसपास कामगारांवर झाला, त्याचा निकाल २०१९ मध्ये आला. दीड वर्षाने उपक्रमातले लोक सांगत होते की आम्ही जास्त व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन मोजलं तर दोन्ही गटांत फरक नाही.

मी हे वाचलं तेव्हा वाईट वाटलं, कारण मी नुकतीच आमच्या शाळेत आहारावरचं एक व्याख्यान ठरवत होते. मग दुसरा एक अभ्यास आठवला, आपल्याच देशातला. चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर झालेला, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला. तिथे चालणं आणि आहारातले बदल यांनी तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, जवळपास मधुमेहाच्या गोळीने होतं तितकंच. म्हणजे उपाय चुकीचा नाही. त्या लोकांना नुसती माहितीपत्रकं देऊन सोडलेलं नव्हतं, त्यांच्याशी तीन वर्षं सतत संपर्क ठेवला होता. शाळेत आपण करतो ते व्याख्यान, योगदिनाचा फोटो, चालण्याची स्पर्धा, भिंतीवरचा तक्ता. माहिती आम्हाला आहेच, आम्हीच ती शिकवतो. कमी पडतं ते दिवसाच्या रचनेत. अकरा वाजता पोटात काय जातं हे टेबलावर काय ठेवलंय त्यावर ठरतं, आणि मी चालते की नाही हे वेळापत्रकावर.

शालेय आरोग्याचा विचार करणाऱ्यांना हे खूप आधी सुचलं होतं. अमेरिकेत १९८७ मध्ये मांडलेल्या शालेय आरोग्याच्या आराखड्यात आठ अंगं होती आणि त्यांतलं एक अंग शाळेतल्या कर्मचाऱ्यांचं आरोग्य हे होतं. २०१४ मध्ये त्याची दहा अंगं झाली, तेव्हाही ते कायम राहिलं. आपल्याकडे आयुष्मान भारतअंतर्गत २०२० मध्ये शालेय आरोग्याचा कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून नेमायचे, त्यांनी मुलांना अकरा विषयांवर धडे द्यायचे. कार्यक्रम चांगला आहे. या दूतांची स्वतःची साखर कधी तपासली जाते का, हा प्रश्न मला पडतो, आणि तो प्रत्येक मुख्याध्यापकांना पडावा असं मला मनापासून वाटतं.

आम्ही काय बदललं

मोठं काही नाही. आधी चहा बिनसाखरेचा करायला सांगितला आणि साखरेची बरणी चमच्यासह शेजारी ठेवली. ज्याला हवी त्याने घ्यावी. पहिले आठ दिवस कुरकुर झाली. महिन्याभरात बरेच जण एका चमच्यावर आले, दोघी-तिघी बिनसाखरेवर. वाढदिवसाची प्रथा मोडली नाही, मोडायचीही नव्हती. महिन्यातल्या सगळ्यांचा एकच वाढदिवस शेवटच्या शनिवारी करतो आणि त्या दिवशी केक कापतो. एरवी टेबलावर फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि हंगामातलं स्वस्त फळ असतं. पेरू, बोरं, केळी, चिकू. वर्गणी प्रत्येकाची सारखी नाही, पगाराप्रमाणे, आणि ताई-दादांची काहीच नाही. ते खायला मात्र सगळ्यांच्या बरोबरीने बसतात. खिचडी शिजवणाऱ्या ताईंचा विचार वेगळा करावा लागला. त्यांना चालायला सांगणं हा अन्याय आहे, त्या सकाळपासून राबतातच. त्यांना हवी होती बसायला उंच पाट, पातेलं उचलायला दुसरा हात आणि धूर जायला खिडकी.

मधल्या सुट्टीत जेवणानंतर दहा मिनिटं मैदानाच्या कडेने चालतो, जोडीने किंवा घोळक्याने. आठवड्याला तास होतो. १५० मिनिटांतली साठ शाळेतच झाली. देखरेखीच्या पाळ्या दोन गटांत वाटल्याशिवाय हे जमलं नसतं, कारण सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवणारं कुणीतरी लागतंच. कुणी आलं नाही तर विचारत नाही. वजनाचा तक्ता लावायचा नाही, कोण किती बारीक झालं याची चर्चा करायची नाही आणि बक्षीस ठेवायचं नाही, हे आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवलं. एका मैत्रिणीच्या शाळेत सर्वांसमोर वजनं घेतली, तेव्हा एक बाई रडत घरी गेल्या आणि पुन्हा कोणत्याच उपक्रमात आल्या नाहीत. मोजायचंच असेल तर ज्याने त्याने घरी कमरेचा घेर मोजावा. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की साखर आणि रक्तदाब तपासून घ्यायची वेळ झाली असं समजावं. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ आली तर आपण उंबरठ्यावर आहोत. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी, आणि चालताना छातीत भरून येतं अशांनी, आधी डॉक्टरांना विचारूनच व्यायाम वाढवावा.

एक गोष्ट झाकून चालणार नाही. शिक्षकाची तब्येत फक्त डब्याने बिघडत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नयेत असं सांगितलं आहे. तरी रात्री अकराला ग्रुपवर 'उद्या दहापर्यंत माहिती भरा' असा निरोप येतोच. झोप मोडली की भूकही बिघडते, गोड-तेलकटाची ओढ वाढते, हे शरीराचं साधं वागणं आहे. अशा माणसाला रविवारी सकाळी सातला आरोग्य शिबिराला सक्तीने बोलावणं म्हणजे त्याच्या अंगावर आणखी एक काम टाकणं. आमच्या मुख्याध्यापिकांनी एक नियम केला, रात्री आठनंतर शाळेच्या ग्रुपवर निरोप टाकायचा नाही, वरून आला तरी सकाळी पुढे पाठवायचा. माझ्या मते आमच्या सगळ्या बदलांत हाच सर्वात गुणाचा ठरला.

गणिताच्या सरांचा रक्तदाब आता आटोक्यात आहे. त्याचं पहिलं श्रेय रोजच्या गोळीला, मग कमी मिठाला आणि चालण्याला. गोळी बंद करू का असं त्यांनी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी ठाम नाही सांगितलं, आणि ते त्यांनी ऐकलं. या जूनमध्ये वेळापत्रक करायचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं. मोठा चौकोनी कागद, आडव्या रांगेत तास, उभ्या रांगेत आमची नावं. कुणालाही सलग तीनपेक्षा जास्त तास येणार नाहीत यासाठी ते दोन रात्री खोडरबर घेऊन बसले होते. जिथे तिसरा तास संपतो तिथे प्रत्येकाच्या नावापुढे त्यांनी लाल पेनाने एक छोटा गोल केला आहे आणि खाली कोपऱ्यात लिहिलंय, 'लाल गोल = पाणी.'